राणीच्या कानाखाली

खड्ड्याला काठ नव्हता. झालं एवढंच. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, उत्तरेच्या खिडकीशी लावलेल्या टेबलावर, भिंगाखाली ते सोन्याचं नाणं तिनं चिमटीत धरून जरासं डावीकडे कलतं केलं, आणि त्यावरच्या राणीच्या कानाखालचा, मोहरीच्या निम्म्यानंही नसेल असा एक खड्डा उजेडात आला. नाणं म्हटलं की घाव आलेच. पडतं, आपटतं, थैलीत दुसऱ्या नाण्यांवर घासतं. पण घाव बसला की तिथलं सोनं कुठे तरी जातं. ओल्या मातीत टाच रुतली की कडेनं माती वर येते तसं ते खड्ड्याच्या कडेनं उठून राहतं. इथे काही उठलेलं नव्हतं. तिनं नाणं पुन्हा सरळ केलं. राणी पुन्हा निष्कलंक झाली.

समोर संग्रहालयाचे संचालक उभे होते. त्यांना बसा म्हणायचं ती विसरली होती, आणि तेही नाणं सोडून लांब बसायला तयार नव्हते. "तुमची फक्त सही हवी आहे, बाई," ते म्हणाले. "परदेशातल्या प्रदर्शनात जायचंय ना राणी. विमेवाल्यांना ताजा दाखला लागतो. जुना एकतीस वर्षांचा झाला म्हणतात. आता सोनं काय शिळं होतं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर ते हसले. तीही हसली. मग म्हणाली, "तीन दिवस ठेवून जा." संचालकांचं हसू तिथल्या तिथे थांबलं. "तीन दिवस? अहो, यंत्रानं तपासलंय. सोनं त्या काळचं, वजन काट्याला काटा. आणि मूळ दाखला कुणाचा आहे ते मी तुम्हाला सांगायचं का?" ते खरंच सांगायची गरज नव्हती. दाखला तिच्या सासऱ्यांचा होता. ते त्या वेळी शेजारच्या खोलीत रेडिओवरच्या बातम्या ऐकत बसले होते, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, उजवा डोळा पूर्ण गेलेला, डाव्याच्या मधोमध धुकं आणि कडेकडेनं थोडं जग शिल्लक. "तीन दिवस," ती पुन्हा म्हणाली. संचालकांनी पावती घेतली आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं गेले.

राणीनं राज्य केलं ते फक्त सात महिने. तेवढ्यात तिनं स्वतःच्या नावाची सोन्याची नाणी पाडली, आणि मग तिला गादीवरून उतरवणाऱ्यांनी ती हुडकून हुडकून वितळवली. पाच उरली, असं सगळं जग धरून चाललं होतं. त्यातली चार दूरच्या एका देशातल्या संग्रहालयात, पाचवं कुणा श्रीमंताच्या तिजोरीत. एकतीस वर्षांपूर्वी सहावं समोर आलं. भल्याभल्यांनी हात झटकले. कोणी म्हणालं फार नवं दिसतं, कोणी म्हणालं नको ती भानगड. मामंजींनी मात्र ते हातात घेतलं आणि सांगितलं की अस्सल आहे, आणि ज्याला शंका असेल त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं. कोणी आलं नाही. संग्रहालयानं नाणं घेतलं, त्याच्यासाठी वेगळं दालन केलं, राणीचा चेहरा तिकिटावर छापला. शहरातली मुलं शाळेच्या सहलीत काचेला नाकं लावून तिला बघत आली होती. ती स्वतःही लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात नवऱ्याबरोबर जाऊन बघून आली होती, आणि त्या दिवशी त्या कुटुंबात आल्याचा तिला जो अभिमान वाटला होता तो अजून आठवायचा. काचेमागे राणी वरून पडणाऱ्या सरळ उजेडात होती. सरळ उजेडात खड्डा दिसत नाही. हातात मात्र ती आज पहिल्यांदा आली होती.

तिनं वहीत दोनच ओळी लिहिल्या. एक: ठशाला कण चिकटला असेल. नाणं पाडताना ठसा आणि सोनं यांच्यामध्ये वाळूचा एखादा कण सापडला तर असाच बिनकाठाचा खड्डा पडतो, आणि असं नाणं शंभर टक्के अस्सल असू शकतं. दोन: खड्डा ठशातच होता. दुसऱ्या ओळीपुढे तिनं काही लिहिलं नाही. ठसा कोरणारा कारागीर राणीच्या कानाखाली मुद्दाम खड्डा कशाला ठेवील? तो ठशात आला असेल तर एकाच वाटेनं. कुणी तरी एक अस्सल नाणं घेतलं, त्यावरून हुबेहूब ठसा तयार केला, आणि त्या अस्सल नाण्यावर कधी काळी बसलेला घावही नकळत ठशात उतरला; कडेचा बारीक काठ तेवढा नकलेत बोथटून गेला. मग त्या काळचीच किरकोळ नाणी वितळवून जुनं सोनं मिळवायचं आणि त्यावर तो ठसा मारायचा. यंत्राला सोनं कळतं. ते कधी राणी झालं, ते कळत नाही.

पलीकडे रेडिओ बंद झाला. "कोण आलं होतं गं?" मामंजींनी विचारलं. "संग्रहालयवाले," ती म्हणाली आणि पुन्हा नाण्यावर वाकली. या घरात प्रश्न एकदाच विचारला जाई. दुपारभर ती नाणं फिरवत राहिली आणि आपल्याच मनाकडे बघत राहिली, कारण नाण्यापेक्षा तिथे जास्त संशयास्पद काही तरी चाललं होतं. ते अस्सल निघावं असं तिला वाटत होतं. इतकं वाटत होतं की वाळूचा कण तिला जवळजवळ दिसायला लागला. आणि त्याच्याच खाली, त्या इच्छेच्या बुडाशी, दुसरंही काही तरी होतं. ते बनावट निघावं असंही तिला वाटत होतं. हे लक्षात आल्यावर तिनं भिंग खाली ठेवलं, हात पुसले आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावायला घेतली.

भांडी पुसत असतानाच तर हे सगळं सुरू झालं होतं. लग्नाला चारच महिने झालेले. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली. सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे काप बघण्यात तिची पाच वर्षं गेली होती. मामंजींनी जेवणाच्या टेबलावर दहा नाणी मांडून ठेवली होती, कुणा शिष्याची परीक्षा घ्यायची म्हणून, आणि शिष्य यायचा होता. ती ताटल्या पुसत टेबलाजवळून गेली आणि सहज म्हणाली, "हे चौथं कडेला सुजल्यासारखं दिसतंय." मामंजींनी वर पाहिलं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. घरात त्यांच्यासमोर सहज कोणी काही बोलत नसे. "आणखी?" ते म्हणाले. तिनं आणखी दोन दाखवली. तीन बनावट होती, तीच तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी दुसरं स्टूल होतं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि खो खो हसला. बाराव्या वर्षी त्याचीही अशीच परीक्षा झाली होती. "दहात तीन बरोबर," तो सांगायचा. "पस्तीस टक्केसुद्धा नाहीत. म्हणून तर गणिताचा मास्तर झालो. आमच्याकडे निदान उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली असतात."

त्या स्टुलावर एकोणतीस वर्षं गेली. मामंजींनी तिला सगळं दिलं: कोणत्या उजेडात काय बघायचं, नाद ऐकायला कान कधी वापरायचा, नाणेवाला खोटं बोलताना नाण्याकडे न बघता आपल्याकडे बघतो हे कसं ओळखायचं. शाबासकी तेवढी दिली नाही. एकदा जमिनीतून निघालेल्या चाळीस नाण्यांच्या घबाडातून तिनं तीन बनावट वेगळी काढली. आठ दिवस डोळ्यात तेल घालून काढली. पंडितांच्या सभेत मामंजी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या असं लक्षात आलं." ती तिसऱ्या रांगेत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या, आणि वाजवताना आपले तळहात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत असं तिला वाटत राहिलं. बसमध्ये ते शेजारी बसून म्हणाले, "पुढच्या वेळी वजन तीनदा घे. दोनदा घेतलंस." ती म्हणाली, "हो." बाहेर दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या आणि त्या तिनं एकेक करून वाचल्या, घरापर्यंत. त्यानंतर ती ते विसरली. निदान आज दुपारपर्यंत तिचा तसा समज होता.

बुधवारी तिनं दूरच्या संग्रहालयाला लिहिलं. चारही नाण्यांचे नवे फोटो हवेत. उजेड डावीकडून, अगदी खालून, टेबलाला टेकल्यासारखा. का हवेत ते लिहिलं नाही. जुने फोटो तिच्याकडे होते, बोटाच्या नखाएवढे, काळेपांढरे, समोरून उजेड टाकलेले. त्यात राणीला कान आहे एवढंच कळत होतं. पत्र पाठवून झाल्यावर तिला मोकळं वाटायला हवं होतं. उलट जीव टांगणीला लागला. रात्रीच्या जेवणाला बसताना नवरा म्हणाला, "दोन दिवस तू माझ्याकडे मान कलती करून बघतेयस. मी अस्सल आहे, दाखला आहे माझ्याकडे." ती हसली आणि मग एकदम म्हणाली, "एखादी गोष्ट तशीच असावी असं आपल्याला वाटत असेल, तर ती तशीच आहे की नाही हे आपल्याला कळतं का रे?" त्यानं घास थांबवला. विनोद सोडून तो बोलला की त्याचा आवाज थेट वडिलांसारखा व्हायचा. "गणितात तरी," तो म्हणाला, "वाटणं वेगळ्या कागदावर लिहावं. आकडेमोड वेगळ्या." मामंजी टेबलाच्या टोकाला बसून पाण्याचा पेला चाचपत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही.

गुरुवारी सकाळी तिनं तेच केलं. एका कागदावर लिहिलं: ते अस्सल असावं, कारण ते या घराचं नाक आहे. ते बनावट असावं, कारण एकदा तरी मला जे दिसलं ते मीच पाहिलं असं म्हणायचंय. लिहिलेलं वाचून तिला लाज वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही. दोन्ही वाक्यं खरी होती आणि कागदावर आल्यावर ती लहान दिसत होती. तिनं कागद खणात टाकला आणि उजेड थेट टेबलाला टेकवला. मग ती बघत बसली. तिला ज्या बघण्याचा मनातून अभिमान होता, ते हेच बघणं: काही शोधायचं नाही, डोळा नुसता तिथे ठेवायचा, तास उलटू द्यायचा. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागेपुढे घेत होतं. राणीचं नाक, राणीची वेणी, नावातली अक्षरं. नाणं पाडताना सोनं मधून कडेकडे धावतं आणि धावल्याच्या बारीक रेघा मागे ठेवतं. त्या रेघा खड्ड्यात उतरत होत्या आणि न तुटता पलीकडे चढत होत्या. ठीक, कण असता तरी असंच झालं असतं. पण दोन तासांनी तिला खड्ड्याची शेपूट दिसली. उजवीकडे, केसाएवढी. काही तरी टोकदार लागून घसरल्याची. कण घसरत नाही. तो जिथे सापडतो तिथे दबतो. आणि ती शेपूट मऊ होती. तिच्या कडा शेजारच्या खोलीतून ऐकलेल्या बोलण्यासारख्या होत्या, शब्द तेच आणि धार गेलेली. तिनं अक्षरांकडे पाहिलं. तिथेही आतल्या कोपऱ्यांत तेच. सगळी राणीच शेजारच्या खोलीतून ऐकू येत होती.

दुपारी फोटो आले. आल्याची खूण संगणकावर लुकलुकली आणि तिचा हात तिकडे गेला, आणि मध्येच थांबला. फोटो आधी पाहिला तर निकाल फोटोचा होईल. कोणालाही तो बघून सांगता येईल, संचालकांनासुद्धा. तिनं वही ओढली आणि पेनानं लिहिलं, तारीख आणि वेळ घालून: नाणं बनावट आहे. दुसऱ्या अस्सल नाण्यावरून ठसा घेऊन पाडलेलं आहे. त्या अस्सल नाण्यावर राणीच्या कानाखाली याच जागी घाव असेल, त्या घावाला उजवीकडे शेपूट असेल, आणि त्याला काठ असेल. लिहून झाल्यावर तिनं पेनाला टोपण लावलं. चूक निघाली असती तर शहरभर हसं झालं असतं, आणि निदान या खोलीत तरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण त्या क्षणी, उठून खिडकी थोडी उघडताना, तिला जे वाटत होतं त्याला भीती म्हणता आलं नसतं. पाठीचा कणा कुणी तरी वरून हळूच धरून सरळ केल्यासारखं वाटत होतं. हे मी पाहिलंय. बरोबर असो की चूक, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग तिनं फोटो उघडले. पहिल्या राणीच्या कानाखाली काही नव्हतं. दुसरीच्याही नव्हतं. तिसरीच्या घाव होता. त्याच जागी, तेवढाच, उजवीकडे शेपूट. आणि खालून आलेल्या उजेडात त्याच्या कडेनं उठलेलं सोनं एखाद्या बारीक कोरीसारखं झळकत होतं. घाव एकाच अंगावर बसतो. दोन राण्यांना एकच जखम होत नाही. ती खुर्चीत मागे टेकली, आणि तिला आनंद झाला, निखळ, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ शेजारच्या खोलीतला रेडिओ ऐकू आला.

पुढे व्हायचं ते झालंच. राणी काचेमागून निघाली, तिकिटं नवी छापावी लागली, संचालक पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि मग आपणहून फोन करून त्यांनी संग्रहालयातली बाकीची सोन्याची नाणी तपासायला पाठवली, एकूण एक. परदेशातल्या लोकांनी तिच्या त्या वहीतल्या पानाची प्रत मागून घेतली. पण हे सगळं नंतरचं. शुक्रवारी दुपारी, संचालकांना फोन करायच्या आधी, ती दोन कप चहा घेऊन मामंजींच्या खोलीत गेली. ते खिडकीकडे पाठ करून बसले होते. उजेड समोरून आला की त्यांना त्रास व्हायचा. तिनं कप त्यांच्या हातात नीट दिला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मामंजी, राणी बनावट आहे."

त्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. "कुठली राणी?"

"आपली."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "सोनं?"

"बरोबर आहे."

"वजन?"

"बरोबर. तीनदा घेतलं."

"मग?"

तिनं सांगितलं. खड्डा, नसलेला काठ, रेघा. सांगताना आपला आवाज समजावणीचा होऊ नये म्हणून ती जपत होती. तसं काही झालं तर त्यांना ते सहन झालं नसतं आणि तिलाही. ते मधेच म्हणाले, "कण असेल," आणि त्यांच्या आवाजात ती जुनी धार होती, शिष्यांना घाम फोडणारी. ती म्हणाली, "शेपूट आहे. कण घसरत नाही." मग तिनं तिसऱ्या नाण्याच्या फोटोबद्दल सांगितलं, आणि फोटो उघडण्याआधी आपण काय लिहून ठेवलं होतं तेही सांगितलं. तेवढं सांगायचं नाही असं ती ठरवून आली होती.

त्यांच्या तोंडाकडे बघण्याचं तिनं टाळलं आणि हातांकडे पाहिलं. हात अजून देखणे होते. "राणीच्याच कानाखाली," ते म्हणाले. "आणि वाजली माझ्या." ती हसली नाही. तेही हसत नव्हते. "किती वेळ लागला तुला?"

"तीन दिवस."

"मला अकरा मिनिटं लागली होती." हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. "बाहेर माणसं बसली होती. मी घड्याळ समोर ठेवलं होतं. बाकीचे महिना महिना घोळ घालत बसले होते ना, म्हणून. अकराव्या मिनिटाला बाहेर येऊन सांगितलं." कप त्यांनी चाचपत बाजूच्या टेबलावर ठेवला, तिनं मदत केली नाही. "चोख वाटलं होतं गं. त्या अकरा मिनिटांचं मला फार कौतुक होतं. कुणाला बोललो नाही कधी, पण फार होतं." मग हात पुढे करून म्हणाले, "आण ते इकडे."

तिनं नाणं आणलं, भिंग आणलं, दिवा आणला. त्यांनी नाणं कडेनं धरलं, जसं धरायचं असतं तसंच, आणि मान तिरकी करून डाव्या डोळ्याचा कोपरा भिंगाला लावला. "दिवा खाली घे," ते म्हणाले. "आणखी. डावीकडून." ती गुडघ्यावर बसून दिवा धरून राहिली. "कानाच्या किती खाली?" "पाळीच्या खाली, वेणीच्या अलीकडे." "शेपूट उजवीकडे म्हणालीस?" "उजवीकडे." नाणं त्यांच्या बोटांत केसाकेसानं फिरत होतं. त्यांना इतका वेळ एखादं नाणं बघताना तिनं एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दिवा धरलेला तिचा हात दुखायला लागला तरी तिनं तो बदलला नाही. चहावर साय धरली.

"मला दिसत नाही," मामंजी म्हणाले.

तिनं दिवा आणखी खाली घेतला.

"तुला दिसतंय?"

"हो."

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

"मग आहे," ते म्हणाले, आणि नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.

दिवा बंद करून ती उठायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "कागद आण. आत्ताच लिही, म्हणजे मला ऐकता येईल. जुना दाखला चुकला असं लिहिताना माझं नाव पूर्ण घाल. वडिलांच्या नावासकट. 'पूर्वीचे तज्ज्ञ' वगैरे लिहून मला झाकू नकोस; चूक माझी आहे, ती माझ्या नावावर राहू दे." ते थोडं थांबले. "आणि खाली तुझं नाव. नुसतं नाव. कुणाची कोण ते कुणाला कळायचं कारण नाही."

तिनं कागद आणला आणि त्यांच्या शेजारी बसून लिहिला. लिहायला अर्धा तास लागला, कारण ते एकेका शब्दावर अडत होते आणि दोन ठिकाणी तिनं त्यांचं ऐकलं नाही. शेवटी तिनं सही केली, तारीख घातली.

"वाच," ते म्हणाले.

"सगळं?"

"पहिल्यापासून."

ती वाचायला लागली. मामंजी डोळे मिटून, मान ताठ ठेवून ऐकत होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि ती पुढे वाचत गेली.